बिब्ब्याचे पाच डाग

परवा शेजारी कुणीतरी मुरगळलेल्या मनगटासाठी दिव्यावर बिब्बा तापवत होतं, आणि त्या उग्र, तेलकट वासानं माझी उजवी मूठ आपोआप आवळली. अमरावतीच्या अर्धमॅरेथॉनच्या दोन दिवस आधी माझा घोटा मुरगळला, तेव्हा तेल्हाऱ्याहून आलेल्या मोठ्या बहिणीनं बिब्ब्याच्या काळ्या तेलाचे पाच कढत ठिपके सुईनं त्यावर दिले होते आणि बजावलं होतं, "आता याले घाम लागू देऊ नको." मी ऐकते कुठली! चौदाव्या किलोमीटरपर्यंत ठिपक्यांचे फोड झाले, बुटाच्या कडेनं ते एकेक करून फाडले, मोजा रक्तानं चिकटला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवरून उडी मारून बहीण धावत आली आणि माझा दंड धरून ओरडली, "थांब वं! माह्या बिब्ब्यानं जळून राहिला तुहा पाय!" मी वळले आणि मूठ तिच्या तोंडावर हाणली. दात वाजलेले मला ऐकू आले. तिचा ओठ फाटला, रक्त पदरावर सांडलं, लोक ओरडले; मी मागं न बघता उरलेले सात किलोमीटर पळाले, आणि खरं सांगते, तेवढा वेळ घोटा दुखला नाही. संध्याकाळी सुजल्या ओठानं तीच माझ्या फोडांना खोबरेल लावत होती आणि आल्यागेल्याला सांगत होती, "स्कूटरवरून पडली मी." माझ्या घोट्यावरचे पाच डाग अजून गेलेले नाहीत. तिच्या ओठावरच्या व्रणाबद्दल कुणी विचारलं की ती आजही स्कूटरचंच सांगते, आणि शेजारी बसलेली मी मान हलवते.