गरम पाय

चिचगडच्या उदारामचा डावा पाय बिडीनं खाल्ला, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. उदारामला पटलं नाही. "बिडी म्या तोंडानं ओढली, पायानं थोडीच ओढली जी?"

आधी चालताना पोटरी वळायची. मग अंगठा जांभळा पडला, मग काळा. डॉक्टरांनी उजव्या पायातली धड शीर काढून डाव्यात जोडली. "कॅनॉल बुजला की तुम्ही बाजूनं पाट काढता ना, तसं," त्यांनी त्याच्या बायकोला, देवकाबाईला समजावलं. अंगठा गेला, पण पाय राहिला. तिनं तळव्याला हात लावला, तर वासराच्या अंगासारखा ऊबदार! ती तिथंच रडली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज हात लावून पाहा. थंड लागला की थांबायचं नाही, लगेच आणायचं."

पौषातल्या एका सकाळी तिनं हात लावला. गार. पोरगा ओमेश धान घेऊन देवरीला गेलेला.

"ओमेशले फोन लावतो जी," ती म्हणाली. "पाय थंड लागून राहिला."

"कायले? पुसात पाय थंड नाही लागंल त का उकळंल? अकलेची बारदान! गोरसी आण."

बाळंतीण असो की तापकरी, खाटेखाली गोरसी, निखाऱ्यांची मातीची शेगडी, ठेवायची, हे देवकाबाईच्या सात पिढ्यांना ठाऊक. तिनं ठेवली. खाटेवरून खाली लोंबणाऱ्या पायाजवळच. त्याच निखाऱ्यावर उदारामनं चोरून आणलेली बिडी पेटवली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात लावला. गरम! तिचा जीव भांड्यात पडला. ती मागं भांडी घासायला गेली.

जरा वेळानं आतून हाक आली, "ओमेशची माय, रताळं भाजून राहिली का वो? वास मस्त सुटला!"

चूल तर विझलेली होती. ती राखेच्या हातानं धावली. पाय गोरसीत टेकला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

या खेपेला जोडायला शीर उरली नव्हती. मांडीतूनच कापला.

आता कोणी भेटायला आलं की उदाराम ओसरीतून ओरडतो, "सांग ना वो, त्या दिवशी काय भाजून राहिली होती तू?" पाहुणे हसतात, मग त्यांची नजर खुंटाकडं जाते. देवकाबाई आत चूल फुंकत राहते. मग तोच सांगतो, रताळ्यासकट सगळं. आणि सांगून झालं की बिडी ओठात धरतो.

"निखारा आण."

ती चिमट्यात धरून आणते.