रिकाम्या गिरणीतला हात

निवृत्तीनंतर हौसेने कॅमेरा घेतला, पण आता हौसही लवकर दमते. परवा बंद पडलेल्या सूतगिरणीत गेलो. एकाच दृश्याचे काळपट, मध्यम आणि उजळ असे तीन फोटो काढून एकत्र केले, की खिडकीतलं ऊन आणि कोपऱ्यातला अंधार दोन्ही नीट दिसतात, एवढं नुकतंच शिकलो होतो.

यंत्रं कधीच भंगारात गेलेली. आत फक्त म्हातारे वॉचमन. “तीस वर्षं इथंच तुटलेले धागे जोडले,” म्हणाले. त्यांना खिडकीशी उभं केलं.

“मामा, तीन फोटो होईपर्यंत हलू नका.”

“आता कुठं हलायचंय,” ते म्हणाले.

घरी फोटो एकत्र केले. भिंतीचे पोपडे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं लख्ख आलं होतं. उजवा हात तेवढा धुरकट. तिन्ही फोटो वेगवेगळे पाहिले, तेव्हा कळलं. अंगठा बोटावर फिरत होता, धागा जोडताना फिरतो तसा. त्यांना पत्ताही नसावा.

मीही अजून साडेनऊला बूट घालून बसतो.

हललेला भाग पुसू का, असं कॉम्प्युटर विचारत होता. मी ‘नाही’ दाबलं. अख्ख्या गिरणीत तेवढंच काय ते चालू होतं.