गयाबाईंना न दाखवलेलं पत्रक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मागं एकदा लिहायला बसले होते — उठले. आज उठत नाही.

मॅडमना तुम्ही ओळखत असाल. मानवी हक्कांचं काही असलं की संभाजीनगरात पहिला फोन त्यांनाच जातो, आणि त्यांचा फोन गेला की भलेभले अधिकारी खुर्चीत सरळ बसतात. मी त्यांची पत्रकं लिहिते. माझे वडील कामगार संघटनेत होते. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. शब्द पेटला पाहिजे, हे मी तिथंच शिकले. आणि त्याच नादात — पण थांबा, नीट सांगते.

मॅडमचा एक नियम आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं म्हणणं छापायचं, तर आधी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला तरच पत्रक छापखान्यात जाणार.

गयाबाई पडेगावच्या पुढं राहतात, मेंढ्या राखतात. त्यांचा मुलगा बाळू शेंद्र्याला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तांब्याच्या तारा चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं, चौकीत मारलं. गयाबाई मला म्हणाल्या, "लई मारलं तळपायावर. पर खोटं कशाला बोलू? हाड नाय मोडलं. चालतंय लेकरू. नुसतं कुणी हाक मारली तरी अंग चोरतंय."

मी लिहिलं — पाय मोडला.

का? अंग चोरणाऱ्या पोरासाठी कोण रस्त्यावर येणार, असं वाटलं. मोडलेलं हाड लोकांना दिसतं, नाही का? आणि वाचून दाखवायला मी गेलेच नाही. वेळ नव्हता असं नाही. त्या 'नाय' म्हणतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पत्रक गाजलं. त्याच्याच आधारावर मॅडमनी तक्रार केली, चौकशी लागली, बाळूचा एक्स-रे काढला गेला. हाड शाबूत. मग काय — तक्रारच बनावट, मारहाण झालीच नाही, असं ठरायला किती वेळ लागतो?

मॅडमनी मला बोलावलं. "त्यांना वाचून दाखवलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

पुढचं सगळं त्या 'हो'मधून आपोआप निघालं. वाचून दाखवलं, बाईंनी मान्य केलं — म्हणजे बाईच खोटं बोलल्या. मॅडमनी पत्रकारांना तसंच सांगितलं: कुटुंबानं आमची दिशाभूल केली, आम्ही या प्रकरणातून बाहेर पडतोय. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मान खाली घालून? नाही. समोर बघत होते.

गयाबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "अगं पोरी, मी असं कवा म्हणले? तूच लिवून घेत होतीस नव्हं? सांग की मॅडमला!" मॅडम आतच होत्या, चहा घेत. हाकेच्या अंतरावर.

"मावशी, निघा आता," मी म्हणाले. "बस चुकेल."

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मग निघाल्या.

बाळूचं काम सुटलं. वस्तीवर त्याला 'एक्स-रे' म्हणून हाक मारतात. मी अजून पत्रकं लिहिते. पोरगी कुणाला घाबरत नाही, असं लोक म्हणतात. भाषणाला बोलावतात, मी जाते. दमलेय — पण दमल्यानं काय होतं?

पोलिसांनी बाळूला मारलं होतं. ते घडलंच नाही, असं गावाला पटवून दिलं ते मी.