फ्रेंच सिरियल सांगणारी सुमनमावशी

सोलांज मॅडमवर माझा कधीच विश्वास नव्हता. मारुतीमामावर तर त्याहून नाय. आणि एक दिवस असा आला की मावशीवरचा पण गेला. त्याच दिवसाचं सांगणार आहे, पण आधी मावशी कोण ते सांगावं लागंल.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. वय एकावन्न. माहेर महाळुंगे, राहायला निगडीत, जुन्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, मूलबाळ नाय. मी नववीत शाळा सोडली, घरात राडा झाला, तेव्हापासून तिच्याकडंच राहते आणि चाकणला एका कंपनीत पॅकिंगला जाते. मावशीला कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाय, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीय.

निगडीतच प्राधिकरण म्हणून बंगल्यांचा भाग आहे, तिथल्या एका बंगल्यात मावशी अकरा वर्षं स्वयंपाकाला होती. घर फ्रेंच लोकांचं. साहेब चाकणच्या कंपनीत इंजिनियर, बायको सोलांज मॅडम, दोन पोरं. त्या पोरांना भरवता भरवता मावशी फ्रेंच शिकली. लिहायला-वाचायला येत नाय, पण बोलते. भांडते पण फ्रेंचमध्येच, भाजीत मिठाचं काय झालं इथपासून सगळं. ते लोक पॅरिसला परत गेले तेव्हा मला वाटलं, चला, संपलं.

तीन वर्षांपूर्वी मॅडमचा फोन आला. तिला तिकडं नवीन नोकरी लागली होती. फ्रान्सचे पिक्चर आणि सिरियल दुसऱ्या देशांत न्यायच्या, तिथल्या चॅनेलवाल्यांना, ॲपवाल्यांना दाखवायच्या आणि घ्यायला लावायच्या, असं त्या ऑफिसचं काम. मॅडमच्या वाट्याला इंडिया आला होता. तिनं मावशीला विचारलं, तू आधी बघून सांगशील का, तुमच्याकडच्या बायका काय बघतील आणि काय नाय.

मी तेव्हाच म्हणलं, एवढे शिकलेले लोक मुंबईत पडलेत आणि हिला आमची मावशीच सापडली? स्वस्तात उरकायचं असणार. मावशी म्हणाली, "अकरा वर्षं तिनं माझ्या तोंडाकडं बघून घर चालवलंय. मला आवडलं-नाय आवडलं तिला कळतं."

मावशीची बघायची पद्धत तिची तिची. मोबाईलवर लिंक आली की ती मेथीची जुडी घेऊन बसायची. पानं खुडता खुडता बघायची. कुठं हात थांबला की मला म्हणायची, मिनिट लिही. उठून कुकर बघायला गेली तर ते पण लिहायचं. मग मॅडमला फ्रेंचमध्ये व्हॉइस मेसेज. एका पिक्चरला पहिल्या वीस मिनिटांत ती तीनदा उठली. तो पिक्चर मॅडमनं इकडं कोणाला दाखवलाच नाय. म्हणजे ऐकत होती तिचं, हे मला मान्य करावं लागलं.

बिल्डिंगचं मात्र वेगळंच. फ्रेंच पिक्चर म्हणल्यावर लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. खालच्या मजल्यावरची नीलाकाकू आठवड्यातून दोनदा साखर मागायला यायची आणि नजर मोबाईलवर. एकदा ती आली तेव्हा नेमका एक म्हातारा गाईचं दूध काढत होता, दहा मिनिटं नुसतं दूध. बिचारी साखर न घेताच गेली.

तो म्हातारा ज्या सिरियलमधला, तीच ही सिरियल. सहा भाग, त्यातले पहिले चारच तेव्हा आले होते. फ्रान्समधलं गाव, गाईगुरं. म्हातारा पहिल्याच भागात मरतो. मागं दोन पोरं, एक पोरगी. शेताला लागून कंपनी येणार असते. भावांना जमीन कंपनीला द्यायचीय, त्यासाठी बहिणीची सही पाहिजे. ती करत नाय. तिथं मावशीचा हात थांबला तो परत चाललाच नाय. मेथी तशीच पडून वाळली.

का ते मला माहिती होतं. महाळुंग्यात कंपन्या आल्या तेव्हा मारुतीमामानं आईला आणि मावशीला गाडीत घालून खेडला नेलं होतं. वाटेत मिसळ खाऊ घातली, दोघींना एकसारख्या साड्या घेतल्या, आणि दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. बापाच्या जमिनीतला आमचा हिस्सा भावाला दिला, असा तो कागद. आमच्यात बहीण हिस्सा मागत नाय. मागितला की माहेर तुटतं. आज मामाची गोडाऊनं आहेत, रस्त्याला मंगल कार्यालय आहे, गावात त्याला सगळे मारुतराव म्हणतात. आईनं त्यावर आजपर्यंत एक शब्द काढलेला नाय.

मावशीनं मॅडमला कळवलं, ही सिरियल इकडं चालणार. मॅडमनं मराठी सिरियल दाखवणारं एक ॲप गाठलं. तिथले गणराज सर नवीन सिरियल घ्यायचं बघतात. सरांना पटंना. फ्रान्सचं खेडं आमच्या खेड्यातली बाई कशाला बघंल? ते म्हणाले, पन्नास बायका बसवून दाखवा, मग बोलू. मराठी आवाज भरायला वेळ नव्हता. मग ठरलं की मावशी माईक घेऊन पडद्याशेजारी बसणार, तिकडं ते फ्रेंच बोलतील तसं इकडं मराठीत सांगणार. मॅडम स्वतः पॅरिसवरनं येणार होती. तिच्या वरच्या साहेबानं तिला बजावलं होतं, हे जमलं तर इंडियाचं बघायचं काम तुझ्या त्या बाईकडं कायम. नाय जमलं तर मुंबईच्या एजन्सीला देऊन टाकू.

हॉल मामानं दिला. फुकट. इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. मामा लग्नाच्या पार्टीला खुर्ची जास्तीची लागली तरी बिलात लावतो. आणि बहिणीला आख्खा हॉल, पडदा, माईक सगळं फुकट?

दोन दिवस आधी मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आले तर मामा बसलेला. समोर पेढ्यांचा बॉक्स. मी दारात आले आणि दोघांचं बोलणं बंद झालं. मामानं मला विचारलं, काय तनुजा, कंपनीत पर्मनंट केलं का नाय अजून? उत्तर ऐकायला थांबला नाय, निघाला. मी मावशीला विचारलं काय म्हणत होता. म्हणाली, हॉलच्या चाव्यांचं. चाव्यांचं बोलायला कोण पेढे आणतं?

रविवारी दुपारी दोनला मामाच्या हॉलवर गावातल्या पन्नासच्या वर बायका आल्या. मावशीनं प्रत्येकीच्या पुढ्यात ताट आणि वाटाण्याच्या शेंगा ठेवल्या. गणराज सर मला हळूच विचारत होते, हे कशाला? मी म्हणलं, हात कुठं थांबतात ते बघा. ते मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले, त्यात हीच सिरियल होती, खाली बोलणं इंग्लिशमध्ये लिहून येत होतं. मॅडम मागं भिंतीला टेकून उभी. मामा पुढं, नवरानवरीच्या सोफ्यावर. मॅडमच्या लॅपटॉपवरनं सिरियल चालवायचं काम माझ्याकडं.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. मावशी म्हाताऱ्याचं बोलणं अशी सांगत होती की बायका हसत होत्या. गाय आजारी पडली तेव्हा मागनं कोणीतरी म्हणलं, गूळ द्या तिला. म्हाताऱ्याच्या मातीला सगळं गाव आलं, तेव्हा शेंगा सोलायचा आवाज थांबला. मला वाटलं, जमलं.

मग तो सीन आला. वकिलाचं टेबल, कागद, दोन भाऊ, बहीण. अडतिसावं मिनिट, मीच लिहिलं होतं. बहीण पेन उचलते, कागद बघते, पेन ठेवते आणि निघून जाते.

मावशी माईकवर म्हणाली, "मग तिनं सही केली. म्हणाली, भावापुढं जमीन काय मोठी नाय."

मामानं मान डोलावली. तेव्हा मला पेढे कळले. आणि मावशीची मला इतकी चीड आली की लॅपटॉप मिटून निघून जावंसं वाटलं. गणराज सर स्क्रीनकडं बघत होते, मग मावशीकडं, मग परत स्क्रीनकडं. त्यांना कळलं होतं. मॅडमला मराठी येत नाय, ती तशीच उभी.

दुसऱ्या रांगेत गवराबाई बसली होती, सत्तरी ओलांडलेली, मामाच्या भावकीतलीच. ती म्हणाली, "सुमे, सही कुठं केली? पेन ठिवून भाईर गेली की ती."

शेजारची म्हणाली, व्हय की. मागनं अजून दोघी. पडद्यावर भाऊ फ्रेंचमध्ये ओरडत होते आणि मराठीत कोणीच काय सांगत नव्हतं. मग मावशीनं मला खूण केली, मागं घे. मी मागं घेतलं. परत टेबल, परत कागद, परत पेन खाली.

"न्हाई केली तिनं सही," मावशी म्हणाली. "मी खोटं सांगितलं. माझ्या भावानं सांगितलं होतं तसं सांगितलं."

मावशी निगडीत असं बोलत नाय. गावचं बोलणं तिच्या तोंडात आपोआप आलं असणार.

मामा उठला. आवाज चढवला नाय त्यानं. म्हणाला, "सुमन, जत्रेला न्यायला गाडी येणार न्हाई आता." आणि बाहेर गेला. दोन मिनिटांत हॉलची लाईट गेली. पडदा काळा, माईक बंद. मी खिडकीतनं बघितलं, समोरच्या टपरीवर पंखा चालू होता.

मला वाटलं आता सगळ्या उठतील, मारुतरावांच्या हॉलमध्ये कोण बसणार. एक पण उठली नाय. गवराबाई म्हणाली, "तू तोंडानं सांग. पुढं काय झालं तिचं?"

मावशी खुर्ची ओढून बायकांच्या मधे बसली आणि उरलेला भाग तोंडानं सांगितला. बहीण गोठ्यात झोपते ते, धाकटा भाऊ गुपचूप जेवण आणून देतो ते, सगळं. गणराज सरांनी लॅपटॉप बाजूला ठेवला होता. शेंगांना कोणाचा हात लागला नाय.

मग मावशीनं मॅडमला फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं. मला भाषा कळत नाय, पण मॅडमचा चेहरा कळत होता. तिनं एकच काहीतरी विचारलं, मावशीनं एकच उत्तर दिलं, आणि मॅडम गाडीत बसून गेली. रिक्षात मावशीनं सांगितलं, मॅडमनं विचारलं होतं, ती म्हातारी बोलली नसती तर? मावशी म्हणाली होती, तर खोटंच राहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाय, विचारलं, का केलंस? ती भांडी घासत होती. म्हणाली, "एका वाक्याचं तर काम होतं. मला वाटलं, तेवढ्यावर माहेर राहील."

मी भांडी विसळून घेतली.

पंधरा दिवस पॅरिसवरनं फोन नाय, मेसेज नाय. मी रोज म्हणायचे, मुंबईवाल्यांना दिलं असणार, आधीपासून द्यायचंच होतं, आपण निमित्त झालो. सोळाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. गणराज सरांनी सिरियल घेतली. काम मावशीकडं राहिलं. फक्त मावशी जे सांगंल ते मुंबईची एक पोरगी ऐकून तपासणार. मी म्हणलं, हा अपमान आहे, सोडून दे. मावशी म्हणाली, तिच्या जागी मी असते तर मी पण ठेवली असती कोणीतरी. मला अजून ते पटलेलं नाय. ती पोरगी काय कागाळ्या करते, त्यावर माझं लक्ष आहे.

चैत्रात गावची जत्रा झाली. दरवर्षी सकाळी नऊला मामाची गाडी खाली उभी राहते. यंदा नाय आली. मावशी नवीन साडी नेसली नाय, मोबाईल भिंतीला टेकवून बसली. मॅडमनं शेवटचे दोन भाग पाठवले होते.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. आई. बसनं एकटी आलेली. मामाची गाडी तिच्या दारात गेली होती, ती बसली नव्हती. पाणी पिऊन मावशीच्या शेजारी बसली आणि बघायला लागली. तिला एक शब्द कळत नव्हता. मावशी पण काय सांगत नव्हती.

पाचवा भाग संपला तेव्हा आईनं विचारलं, "मिळाला का हिस्सा तिला?"

"एक भाग राहिलाय अजून," मावशी म्हणाली. "बसतीस का?"

आईनं पदर नीट केला आणि म्हणाली, "लाव."