आत्याच्या दाताचा निकाल

माझी आत्या कवळ्या बनवते. दात उपटणं, "आ करा" म्हणणं, बिल देणं ही कामं दातांच्या डॉक्टरची. तो पेशंटच्या तोंडाचा ठसा डब्यात घालून आत्याकडे पाठवतो आणि आत्या खालच्या खोलीत बसून त्यावर दात लावते. अर्ध्या गावाचं हसू तिच्या टेबलावर वाळत पडलेलं असतं. रस्त्यात कुणी तिला बघून हसलं, तर ती लगेच परत हसत नाही. आधी फिटिंग बघते. "डावीकडे उचललंय हं. येऊन जा एकदा."

हा धंदा आधी आजोबांचा. आत्याने तो घेतला तेव्हा त्यांच्या हातोड्या, मेणाची भांडी आणि नोंदींच्या सहा जाड वह्याही घेतल्या. बाहुल्या मात्र तिच्या नशिबी अय्याकाकूंमुळे आल्या. अय्याकाकू समोरच्या गल्लीत राहतात आणि बाहुल्या जमवतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "अय्या" ने सुरू होतं, अगदी "अय्या, लाइट गेले" सुद्धा. एकदा त्यांच्या बाहुलीचं बोट तुटलं. त्या बोट पुडीत बांधून घेऊन आल्या.

"अय्या, तुझ्याकडे प्लास्टर असतं ना गं? जोडून दे की. चिनी मातीची आहे, नाजूक."

आत्याने बोट घेतलं, स्पिरिटच्या कापसाने पुसलं आणि आपल्या पुढच्या दातावर हळूच आपटलं. ठप्प.

"चिनी माती नाही. भुसा आणि सरस."

"अय्या!" काकू खुर्चीत बसल्या. "कशावरून?"

"चिनी माती दातावर टिण् करते. हे ठप्प झालं."

काकूंनी घरी जाऊन बोट पुन्हा पुन्हा आपल्या दातावर वाजवून बघितलं. पण त्यांचे दात आत्यानेच बनवलेले, त्यामुळे त्यांना काही कळेना. अस्सल दात फक्त आत्याचा. पुढच्याच महिन्यात बाहुल्यांच्या मंडळातली तेवीस माणसं एकामागून एक त्या दातासमोर येऊन उभी राहिली.

या मंडळींना एकदा बोलताना ऐकायलाच हवं. यांच्यात प्लास्टिक हा शब्द उच्चारायचा नाही. मांडीवर झोपलेल्या बाळाला कुणी ढोल्या म्हटल्यावर आईचा चेहरा होतो ना, तसा सगळ्यांचा चेहरा होतो. प्लास्टिकला "पहिल्या काळातलं कडक मटेरियल" म्हणायचं. रबरासारखी मऊ बाहुली उन्हाळ्यात चिकट झाली, तर म्हणायचं, "हिला जरा घाम येतो." भुसा आणि सरस यांचा लगदा असेल तर त्याचं नाव "कंपोझिशन", आणि तेही डोळे अर्धे मिटून. त्याला तडे गेले की "वयाचं जाळं". पिवळी पडली की "हस्तिदंती छटा". सेल्युलॉइडची असेल तर आवाज एकदम खाली आणून, "पिसासारखी आहे हो, पण शेगडीजवळ नेऊ नका, भडकते." ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या सुनेबद्दल चाललंय.

आत्या समोर बसून दातावर वाजवायची आणि सरळ सांगायची, "तडे गेलेत. पिवळी पडलीय. चिकटलीय. पुढचा."

सगळ्यात वरचा मान बिस्कचा. बिस्क म्हणजे भट्टीत भाजलेली, पण वरून चकाकी न दिलेली चिनी माती. हाताला थंडगार, आणि दातावर घासली तर बारीक वाळूसारखी. मंडळाचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं. तेव्हा हॉलच्या मधोमध काचेचं कपाट असतं. त्यात एकच बाहुली ठेवतात, मंडळातली सगळ्यात चांगली आणि बिस्कचीच. बाकीच्या भिंतीकडेच्या टेबलांवर. एकोणीस वर्षं त्या कपाटात एकच बाहुली होती, बाईंची.

बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्याला नुसत्या नजरेने गप्प केलंय. त्यांचे यजमानही त्याच शाळेत होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. दर वर्षी सर ती बाहुली टोपलीत घालून, वर दुलई पांघरून, दोन्ही हातांनी छातीशी धरून आणायचे. कुणी "बघू" म्हणून हात पुढे केला की सर असे मागे सरकायचे, जसं कुणी त्यांचीच नाडी बघायला आलंय. कपाटावरचं कार्ड तेच लिहायचे: "अस्सल बिस्क." बाकीचे जमवणारे आपल्या बाहुलीच्या अंगकांतीवर पाव तास बोलतील. बाई फक्त दोन शब्द बोलायच्या. "ही आमची."

गेल्या वर्षी सर गेले. आणि या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी बदलले.

नवे सेक्रेटरी आयुष्यभर कचेरीत होते. त्यांचं बोलणं नेहमी "मुद्दा क्रमांक एक" पासून सुरू होतं. दोन कधी येत नाही. ते आत्याच्या खोलीत येऊन, कवळ्यांपासून जरा लांब, उभे राहिले.

"मुद्दा क्रमांक एक. या वर्षी प्रत्येक बाहुलीचं कार्ड तुम्ही लिहायचं. दातावर तपासून. कपाटातल्या बाहुलीचंसुद्धा. तपासणी नाही, तर प्रवेश नाही."

"बाईंची पण?" आत्याने विचारलं.

"नियम म्हणजे नियम."

सेक्रेटरींकडेही एक बिस्कची बाहुली होती, नाकाने जरा जास्त वर. बाईंची कपाटातून उतरली तर आत कोण चढणार, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी बाहुलीसाठी नवा निळा झगाही शिवून घेतला होता. अय्याकाकूंनीच बटणं लावून दिली होती म्हणे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाई स्वतः टोपली घेऊन आल्या. आत्या ताडकन उभी राहिली. आत्या पन्नाशीची, पण बाईंना बघितलं की अजून तिचे हात आपोआप पाठीमागे जातात.

"बस गं," बाई म्हणाल्या. "तपास. तुझं काम तू कर."

"बाई, नुसता नियम आहे म्हणून…"

"मी कधी नियम मोडू दिलाय का कुणाला?"

आत्याने दुलई बाजूला केली. गोल चेहरा, अर्धं उघडलेलं तोंड, त्यात दोन इवलेसे दात, आणि गाल इतके जिवंत की खोकला येईल असं वाटावं. तिने गाल स्पिरिटने पुसला आणि दात टेकवला.

टिण् नाही. वाळू नाही. मऊसा, कोमट टक्.

हा आवाज आत्या दिवसातून चाळीस वेळा ऐकते. तिने बाहुली खिडकीशी धरली. गालाच्या आत, गुलाबी रंगात, लालसर बारीक धागे होते. मंडळात त्या धाग्यांवर अय्याकाकूंनी एकदा भाषण केलं होतं. "अय्या, त्वचेखालच्या शिरा दिसतात हो, आता असं कुणी करत नाही!" पण असं अजूनही करतात. आत्याच करते. कवळीची हिरडी खरी दिसावी म्हणून गुलाबी पावडरीत तसेच लाल धागे घालतात.

आत्याची दातखीळ बसली. एवढंच म्हणाली, "बाई, ठेवून जा. कार्ड उद्या हॉलवरच देते."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, टोपलीची दुलई घडी करून ठेवली आणि गेल्या.

बाई वळणापलीकडे गेल्यावर आत्याने किटलीच्या वाफेवर बाहुलीचे केस मऊ केले आणि मानेकडून उचलले. तिथे आकडा कोरलेला होता, ४१८. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून आजोबा प्रत्येक कामावर असाच आकडा कोरायचे. आत्याने तिसरी वही काढली. आजोबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, पण वाचता आलं:

"४१८. शाळेतले सर. काम: डोकं, पूर्ण. दात: दोन, घासून बारीक. वजनासाठी आत प्लास्टर. झिलई मारू नये. सूचना: बाईंना कळू नये."

"बाबा!" आत्या वहीवर ओरडली. "अहो काय हे?"

आणि हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली. कारण आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. कार्डावर बिस्क लिहावं, तर तिचा दात खोटा. तिच्या शब्दावर तेवीस माणसांनी आपल्या हस्तिदंती छटांवर पाणी सोडलं होतं, ते सगळं वाया. आणि खरं लिहावं, तर बाहुली कपाटातून खाली, आणि सरांनी इतकी वर्षं छातीशी धरून लपवलेली गोष्ट भर हॉलमध्ये बाईंना कळणार, तीही एका कार्डावरून.

संध्याकाळपर्यंत आत्याने अकरा कार्डं फाडली. एकीकडे कार्ड, एकीकडे आजोबांशी भांडण. "जन्मात एकच खोटं काम केलंत, आणि तेही इतकं चांगलं! जरा वाईट करायचं होतं ना. कुणीतरी तेव्हाच पकडलं असतं."

मग ती उठली, अय्याकाकूंकडे गेली, आणि त्यांना त्यांच्याच बाहुल्यांचं वर्णन करायला लावून अर्धा तास ऐकत बसली. काकूंना वाटलं, हिला एकदाची अक्कल आली. परत येऊन आत्याने बारावं कार्ड लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळे कपाटाभोवती जमले. बाई पहिल्या रांगेत, ताठ. आत्याने बाहुली आत ठेवली आणि कार्ड सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"हाताने घडवलेलं, उकळत्या पाण्यात पक्कं केलेलं डोकं. त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे तंतू. दंतपंक्ती स्वतंत्र बसवलेली. साच्यातून निघालेली एकमेव प्रत. बिस्क नाही."

शेवटचे दोन शब्द त्यांनी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा जरा आनंदाने.

"मुद्दा क्रमांक एक! बिस्क नाही, म्हणजे कपाट नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, बाहुली काढली, आणि दाराजवळच्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशेजारी, नेऊन ठेवली. सेक्रेटरींनी निळा झगा कपाटात चढवला आणि मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. सगळं मंडळ पाण्याच्या पिंपापाशी.

"अय्या, एकमेव प्रत!" काकूंचा श्वास वर. "आणि तंतू! मी म्हटलंच होतं, तंतू! पण मटेरियल कुठलं गं? कुठल्या कारखान्याचं?"

आत्याचे हात पाठीमागे गेले. तेवीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती आणि ती बाईंच्या पायांकडे.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"बाई… ते…"

"एवढं सुंदर कार्ड लिहिलंस आणि आता अडलीस?" बाईंनी पर्समधून रुमाल काढला, तोंडाशी नेला, जरा पाठ फिरवली, आणि पुन्हा वळल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांची वरची कवळी होती. ती त्यांनी बाहुलीच्या गालाला लावली.

"बघा," एवढंच म्हणाल्या. त्या शब्दाला दात लागत नाहीत.

तोच गुलाबी. तेच धागे. आजी आणि नात वाटाव्यात इतकं साम्य.

बाईंनी कवळी पुन्हा बसवली आणि पूर्ववत मुख्याध्यापिका झाल्या. "हिच्या वडिलांचं काम आहे. मूळचं बिस्कचं डोकं सरांच्या हातून पुसताना पडून फुटलं असणार. मला त्यांनी कधी सांगितलं नाही. पण माझी कवळी आली, आरशात पाहिली, आणि तशीच घरातल्या बाहुलीपाशी गेले. वर्गात कुणी कुणाचं बघून लिहिलंय हे मला कळतं, हे कळणार नाही?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सेक्रेटरींचा आवाज फुटला. "आणि एकोणीस वर्षं बिस्क म्हणून…"

"मी कधी म्हटलं बिस्क? कार्ड सर लिहायचे. मी आमची म्हणायचे. आमचीच आहे."

"पण त्यांना विचारलं का नाही तुम्ही?" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, दर वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी ते असे थरथरायचे! शाळेत त्यांना मी कधी घाबरवू शकले नाही. वर्षातला एक दिवस मिळायचा मला, तो का घालवू?" बाईंनी बाहुलीचा झालर असलेला टोप सारखा केला. "या वर्षी टोपली मलाच उचलावी लागली. जड आहे गं. काय भरलंय आत?"

"प्लास्टर," आत्या म्हणाली.

"तरीच."

प्रदर्शन संपेपर्यंत निळा झगा काचेत एकटाच उभा होता. शेवटी सेक्रेटरीही पिंपाकडे आले, पाणी प्यायला म्हणून, आणि बराच वेळ पाणी प्याले. मग हळूच म्हणाले, "मुद्दा क्रमांक दोन. मटेरियलच्या रकान्यात काय लिहायचं?" अय्याकाकूंनी डोळे अर्धे मिटले आणि म्हणाल्या, "दंतगुलाबी." मंडळाच्या वहीत तसंच लिहिलं गेलं. दोनच दिवसांनी काकू आमच्याकडे हजर. हातात धडधाकट बाहुली. "अय्या, हिचं डोकं तेवढं फोडायचंय. तू करशील, का मी करू?"

आत्याने त्यांना बाहुलीसकट घालवलं, कारण आत बाई बसल्या होत्या. आत्या त्यांना तिसरी वही दाखवत होती. बाईंनी ४१८ वाचलं, "बाईंना कळू नये" पर्यंत. मग आत्याने पाचवी वही उघडली, बाईंच्या कवळीची नोंद. तिथे आजोबांनी लिहिलं होतं: "सूचना: दुसरा गुलाबी वापरावा." आणि खाली, वेगळ्या शाईत: "दुसरा मिळाला नाही. देव बघून घेईल."

बाई इतक्या हसल्या की कवळी डावीकडे उचलली गेली. आत्याने ते बघितलं, पण बोलली नाही. बाईंनी लाल पेन मागून घेतलं, तिसरी वही पुढे ओढली, ४१८ च्या खाली "पाहिले" असं लिहिलं आणि सही केली.