डावीकडे उशिरा वळणारी जीप

माझे सासरे इंदूर संस्थानच्या फौजेत मोटारी सांभाळत असत. संस्थान विलीन झालं, फौज मोडली. पुढे नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि इंदूरच्या कितीतरी कचेऱ्या ट्रंका बांधून भोपाळला निघून गेल्या. तरी आमच्या घरची सकाळ फौजेतलीच राहिली. मामंजी उजाडायच्या आत उठत, दाढी करत आणि मग अंगणातल्या जीपखाली जुनी सतरंजी पसरून आडवे होत. जीप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली होती. परदेशी असल्यामुळे तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. कृष्णपुऱ्याजवळच्या आमच्या गल्लीत ती शिरली की समोरच्या टांग्याला मागे सरकण्यावाचून गत्यंतर नसे.

माझे यजमान जनावरांचे डॉक्टर होते. बेटम्यापासून देपालपुरापर्यंतची खेडी त्यांच्याकडे होती. सरकारी गाडी मिळेल अशी आशा कुणी दाखवत नव्हतं, म्हणून मामंजीच जीपमधून त्यांना नेत-आणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. बापलेक धुळीने माखून एकदम परत यायचे, आणि मी बंब पेटवून ठेवलेला असायचा.

त्या वाटा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना जीपचे हाल कळायचे नाहीत. माळव्याची काळी माती ओली असताना लोण्यासारखी असते, आणि वाळली की तिच्यातल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. जीपचं चाक त्या चाकोरीत शिरलं की बाहेर पडताना सगळा झटका स्टिअरिंगमधून मनगटात येतो. चाकांवर गाडीचा भार झेलणारे पोलादी पाटे असतात. पुढच्या डाव्या चाकावरचा पाटा दर हिवाळ्यात एकदा तरी तुटायचा. शेवटी मामंजींनी मिस्त्रीकडून ट्रकचे जाड पाटे कापून बसवून घेतले. त्यानंतर पाटा तुटणं बंद झालं. जीप मात्र धक्के मारू लागली. देपालपुराहून येईपर्यंत कंबर मोडायची. पण मामंजी खूश होते. "आता हिला तोफ जरी बांधली ना, तरी काही होणार नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

वर्षभराने त्यांची एक तक्रार सुरू झाली. स्टिअरिंग थरथरतं, असं ते म्हणू लागले.

आधी त्यांनी चाकं अदलून-बदलून पाहिली. मग दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे बदलले. मग चाक ज्या खिळीवर वळतं ती काढून नवी घातली. मिस्त्री वैतागला. आमच्या अंगणातच तो यांना म्हणाला, "डाक्टर साब, गाड़ी में कुछ नी है. बाबूजी का बस वहम है." मामंजींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी घेऊन जीपखाली गेले.

माझ्या मात्र दुसरंच लक्षात येऊ लागलं होतं. मामंजी चहाची बशी हातात घेईनासे झाले होते. कप कट्ट्यावर ठेवून, वाकून, दोन्ही हातांनी धरून प्यायचे. सदऱ्याची बटणं लावायला त्यांना वेळ लागे. एकदा देवाजवळ निरांजन लावताना काडी विझली, दुसरी विझली, तिसरीही विझली. मी पुढे झाले तर म्हणाले, "वारा आहे ग." दार बंद होतं.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मीसुद्धा पाहिलंय. कसं बोलणार त्यांना?"

शेवटी बोलायची वेळ आलीच. एका रविवारी सकाळी मामंजी जीपमध्ये बसले होते आणि हे बोनेटजवळ उभे होते. मी तुळशीला पाणी घालत होते.

"हे बघ," मामंजी म्हणाले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "आत्ताही थरथरतंय. ये, हात लावून बघ."

हे जवळ गेले. त्यांनी हात लावला नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, गाडी बंद आहे."

मामंजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. एक हात उचलून समोर धरला. बोटं थरथरत होती. तो हात त्यांनी मांडीवर ठेवला, तिथेही तो थांबेना. मग ते खाली उतरले. किल्ली काढून यांच्या हातात दिली आणि घरात जायला वळले. दारात थांबून म्हणाले, "हात माझाच आहे, मान्य. पण डावीकडे वळवताना ती जरा उशिरा ऐकते. ते बिलकुल खोटं नाही. दाखवून घे."

यांनी दाखवून घेतलं. त्याच आठवड्यात जीप मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने खाली शिरून प्रत्येक दांडा, प्रत्येक सांधा हलवून पाहिला. कुठेही ढिलाई सापडली नाही. त्या दिवसापासून जीप हे चालवू लागले. मामंजी सकाळी उठून दाढी करायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. दाढी करताना गालावर दोन-तीन ठिकाणी कापलेलं असायचं.

दसरा होऊन गेला होता. बेटम्याला माझ्या मावशीकडे सत्यनारायण होता, म्हणून मी यांच्याबरोबर निघाले. मला मावशीकडे सोडून हे देपालपुराकडे गेले आणि दुपार कलल्यावर मला घ्यायला आले. येताना वाटेत एका वस्तीवर आजारी बैल पाहायचा होता, म्हणून डांबरी रस्ता सोडून आम्ही शेतवाटेला लागलो. पुढे एक नाला होता आणि त्यावर दगडी रपटा, म्हणजे पावसाळ्यात पाणी वरून वाहून जाईल असा ठेंगणा पूल. रपट्याला कठडे नव्हते. त्याच्या तोंडाशीच वाट डावीकडे वळत होती.

यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. मी त्यांच्या हातांकडेच पाहत होते. चक्र अगदी पूर्ण वळलं आणि जीप सरळच गेली. खालून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. "अगं धर!" एवढंच हे ओरडले. रपट्याच्या कडेवरून पुढचं चाक उतरलं आणि जीप डाव्या अंगावर नाल्यात कलंडली.

मी यांच्या अंगावर पडले. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. यांचा डावा पाय मात्र जीप आणि दगड यांच्यामध्ये अडकला होता. हे ओरडत नव्हते. चेहरा राखेसारखा झाला होता. मला म्हणाले, "तू बाहेर पड आधी. माणसं बोलाव."

शेजारच्या शेतात ज्वारीची राखण करणारी माणसं होती. ती धावत आली. त्यांनी खांदे लावून जीप उचलली आणि यांना बाहेर ओढलं. ज्यांचा बैल पाहायला आम्ही निघालो होतो, त्यांच्याच दुसऱ्या बैलजोडीच्या गाडीतून आम्ही बेटम्यापर्यंत आलो आणि तिथून ट्रकने इंदूरच्या दवाखान्यात. सगळ्या वाटेत यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक धक्क्याला ते माझं मनगट आवळत होते.

पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला.

मिस्त्रीने जीप ओढून आणली, तेव्हा मामंजी तिथे गेले. घरी परत येऊन त्यांनी मला जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक लोखंडी पेटी असते. ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी आवळलेली असते. पेटी शाबूत होती, बोल्ट शाबूत होते. पण ज्या पत्र्यात ते बोल्ट होते तो सांगाड्याचा पत्राच फाटला होता. मिस्त्रीने त्यावरचा ग्रीस आणि चिखलाचा थर खरवडून काढला, तर अर्धी चीर गंजलेली निघाली आणि अर्धी नव्या भांड्यासारखी चकचकीत.

"म्हणजे कितीतरी महिने ती वाढत होती," मामंजी म्हणाले. "वळवताना पेटीच जागची हलायची. म्हणून गाडी उशिरा ऐकायची. मी रोज खाली झोपत होतो, मलाही नाही दिसली."

मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही सांगितलं तरी होतं."

"सांगितलं. पण केलं कोणी?" ते म्हणाले. "आधीचे पाटे लवत होते, धक्का पोटात घेत होते. तुटायचे ते त्यापायी. मी जाड पाटे घातले. मग तो मार कुठे जाणार? सांगाड्यात गेला." आणि ते खाली मान घालून बसले.

दवाखान्यात मात्र ते रोज जात. एकदा मी डबा घेऊन गेले तर मामंजी खाटेजवळ बसून यांना पेज भरवायचा प्रयत्न करत होते. चमच्यातली निम्मी पेज चादरीवर सांडत होती. यांचे हात काही मोडले नव्हते, त्यांना स्वतःला खाता येत होतं. पण ते तोंड उघडून थांबत होते, आणि चमचा तोंडापर्यंत पोचायला लागेल तेवढा वेळ थांबत होते. मी डबा घेऊन व्हरांड्यातच उभी राहिले.

जेवण झाल्यावर हे म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर होतं."

"तुझंही बरोबर होतं," मामंजी म्हणाले, आणि ओल्या फडक्याने चादर पुसू लागले.

हे घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता टेबलावरचं काम मागून घेतील. यांनी ते मागितलं नाही. पण ताठ गुडघ्याने क्लच दाबता येईना. दुसरा चालक ठेवायचा विचार चालला होता, तेव्हा मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू शिक."

मी हसले. ते हसले नाहीत.

मिस्त्रीने सांगाड्याला पट्टी जोडून दिली आणि जाड पाटे काढून पहिल्यासारखे पातळ घातले. मग गावाबाहेरच्या माळावर माझी शिकवणी सुरू झाली. मामंजींना करून दाखवता येत नव्हतं, म्हणून ते सगळं बोलून शिकवत. "क्लच असा सोड, जसं झोपलेल्या मुलावरचं पांघरूण काढावं. चक्र आवळू नको, त्याला खेळू दे. अंगठा आत घालू नको, झटका आला तर मोडेल." चुकले की रागावत, फौजेत शिपायांवर रागवावं तसे. गाडी बंद पडली की म्हणत, "चलो, फिर से." घरी आल्यावर खालचा चिखल खरवडून प्रत्येक जोड उघडा करून पाहायचा, हे त्यांनी मला शिकवलं. मी पाचवारीचा पदर खोचून सतरंजीवर आडवी व्हायची आणि ते वरून विचारायचे, "काय दिसतंय?"

गल्लीत बोभाटा झाला. टांगेवाला म्हणाला, "भाभीजी, जरा संभाल के." समोरच्या काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलं, मग तीन-चार महिन्यांनी त्यांच्याच नातवाला ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेण्यासाठी मलाच हाक मारली.

पहिल्यांदा देपालपुराला गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो. मी चक्रावर, हे शेजारी पाय लांब करून, मामंजी मागे. वाटेत त्याच वस्तीवरही जायचं होतं, आणि तो रपटा आला. मी गाडी थांबवली. मागून मामंजींचा आवाज आला, "पहिला गिअर. नीट बघ आणि जा." मी गेले.

पाटे पुन्हा दर हिवाळ्यात तुटू लागले. आम्ही बदलत गेलो.

मामंजी त्यानंतर दोन वर्षं होते. शेवटी शेवटी त्यांना चालणंही जमेना, आणि बोलणं पुटपुटण्याइतकं झालं. ते गेले तेव्हा यांना जमिनीवर मांडी घालून बसता येत नव्हतं. गुरुजी जरा घोटाळले, मग म्हणाले, चालेल. माझ्या यजमानांनी वडिलांचे सगळे दिवस स्टुलावर बसून केले.

तेराव्यानंतर पहिल्याच दिवशी बेटम्यापुढच्या एका वस्तीवरून निरोप आला, म्हैस अडली आहे. मी यांना घेऊन गेले. हे गोठ्यात ताठ पाय एका बाजूला टाकून कुशीवर आडवे झाले आणि बराच वेळ झटले. रेडकू जिवंत निघालं. घरधनीण माझ्या हातावर पाणी घालत म्हणाली, "बेन, रोटी खई ने जाजो." घरी सुतक फिटलं होतं, पण त्या तेरा दिवसांत आम्हा दोघांना नीट जेवण गेलं नव्हतं. आम्ही तिच्या ओट्यावर बसून मक्याची रोटी खाल्ली. यांनी आणखी एक मागून घेतली.