कोपाच्या नावाचं पदक

माझ्याजवळची पदकं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं दाखवत आलो. कुठलं कुठं मिळालं, कुणाच्या गळ्यात होतं – सगळं तिखटमीठ लावून सांगतो. एकाचं मात्र खरं कधी तोंडातून निघालं नाही. बायको गेली, तिलाही बोललो नाही. आज तुम्ही समोर आहात म्हणून सांगतो – नाही, तसंही नाही. पोटात मावेना झालंय, एवढंच.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी देवी टोचणारा होतो. आमच्या चांदा जिल्ह्याची दक्षिणेकडची, अहेरीच्या पलीकडची जंगलातली गावं माझ्याकडे. पेटी खांद्यावर टाकायची आणि पायी फिरायचं. मी दिसलो की बायका लेकरं लपवायच्या. त्यातच मला खोड लागली – इंग्रजांच्या वेळच्या पदकांची. दिल्ली दरबाराची, राज्यारोहणाची, पहिल्या मोठ्या लढाईची, चौदा सालच्या. राज्य गेलं होतं, पण राजाची तोंडं इथं पोरांच्या करगोट्यात लटकत होती. दंड धरायचा, टोचायचं, आणि डोळा गळ्याकडे, कमरेकडे. मिठाची पुडी, एखादा आरसा दिला की पदक मिळून जायचं. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं का? असो. त्या पदकांचं नाही सांगत मी.

एका माडिया गोंडांच्या गावात लालसू नावाच्या माणसाचं पोर टोचत होतो. पोर हातपाय झाडत होतं, म्हणून लालसूची म्हातारी आई त्याला धरायला वाकली. तिच्या मण्यांच्या माळेतून एक काळपट चकती माझ्या नाकासमोर आली. राजाचं तोंड. पण चांदीचं नव्हे – काशाचं. तुम्हाला सांगतो, टोचायचं सोडून मी त्याच्याकडेच बघत राहिलो. लढाईतल्या शिपायांना ते पदक चांदीचं मिळालं. काशाचं दिलं ते हमालांना, आणि तसं मी तोवर फक्त ऐकलं होतं.

मीठ काढलं. आरसा काढला. शेवटी माझी स्वतःची कात्रीसुद्धा पुढे केली. म्हातारी मान हलवत राहिली. लालसूला मराठी येत होतं, तो म्हणाला, "हे नाई देत साहेब. बापाचं हाय. बाप लढाईवर हमाल गेला, तिकडंच मेला. हाडूक बी नाई आलं. हेच आलं."

मग त्यानं सांगितलं. त्यांच्यात माणूस मेला की त्याचा जीव कुळाच्या देवात मिळवतात आणि गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. ते होईपर्यंत तो बाहेरच – घराच्या आसपास, पण घरात नाही. आणि मिळवायचं तर त्याचं काहीतरी हाती असावं लागतं. इतकी वर्षं जेवणावळीपुरतं धान कधी साठलं नव्हतं. यंदा साठलं होतं. ते पदक बापाच्या ठिकाणी धरून विधी करायचा, असं ठरत होतं. गावातला जाणता एवढंच म्हणत होता – ते त्याचं आहे की राजाचं, हे आधी विचारून घ्या.

आणि विचारायला मिळालो कोण, तर मी.

म्हातारीनं माळ गळ्यातून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. स्वतःहून. वाचणारा माणूस त्या गावात दुसरा नव्हता. लढाईच्या पदकाच्या कडेवर, ज्याला ते दिलं त्याचं नाव ठोकलेलं असतं. मी चकती उजेडाकडे फिरवली. बारीक इंग्रजी अक्षरं होती. मी तिला विचारलं, "बाई, नाव काय होतं त्याचं?" तिनं पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? लालसूच म्हणाला, "कोपा."

कोपा. तेच होतं. एक अक्षर मागंपुढं नाही.

म्हातारी मोडक्या मराठीत म्हणाली, "त्याचं काई हाय का त्याच्यात?"

किती वेळ गेला असेल? फार नाही. मला आठवतं ते हे, की मी गोंधळलो नव्हतो. चूक झाली असं म्हणायलाही जागा नाही मला. मी म्हणालो, "नाही. राजाचंच नाव आहे सगळीकडे."

तिनं माळ परत घेतली. चकतीवरून एकदा बोटं फिरवली, मग दोरा दातानं तोडून ती मला दिली. "राजाचं हाय तं मी काऊन ठेवू," म्हणाली. मीठ घेतलं नाही. आरसाही नाही. मी निघालो तेव्हा ती मोकळे झालेले मणी मांडीवर गोळा करत होती.

तुम्ही म्हणाल, मग झोप कशी लागली? लागली हो. त्याचीच लाज वाटते. नागपूरच्या एका पदकं जमवणाऱ्या शौकिनाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, नाव किती स्वच्छ राहिलंय. मी फुगलो. खरंच फुगलो.

टोचायला दोन वर्षांनी पुन्हा त्या गावाची पाळी आली. तोवर पदक पुसताना म्हातारीचा प्रश्न कानात यायला लागला होता; या वेळी परत द्यायचं म्हणून ते सदऱ्याच्या खिशात घेऊन गेलो. लालसू अंगणात बसला होता.

"माय मेली, साहेब. उन्हाळ्यात."

"दगड लावला?"

"तिचा लावला. बापाचा नाई लावला. माय म्हणे, त्यानं आपलं काईच नाई पाठवलं. राजाचं तोंड पाठवलं. मंग मिळवाचं काय?" मग म्हणाला, "मरतानी रागावली होती थे त्याच्यावर."

हात खिशाकडे गेला माझा. पण ते बाहेर काढलं असतं तर सांगावं लागलं असतं – की नाव होतं, मी ते वाचलं होतं, तुझ्या तोंडून ऐकल्यावरही नाही म्हणालो होतो. लालसूनं मारलं असतं का? नसतं मारलं. तो तसा नव्हताच. मला त्याच्या डोळ्यांची भीती वाटली. मी "बरं" म्हणालो. त्यानं दिलेली पेज प्यायलो, त्याच्या पोराचा जुना व्रण तपासला आणि उठलो.

पुढे बदली मागून घेतली. त्या रस्त्याला पुन्हा गेलो नाही. पदक माझ्याकडेच आहे, आणि कोपा अजून बाहेरच आहे.